जांभळ्या टोपणाची एक नळी

रक्त काढताना माणसं काय बोलतात, याची एक यादी माझ्या वहीत आहे. पहिल्या क्रमांकावर 'झालं का?' हा प्रश्न आहे. तो सुई टोचण्याआधीच विचारला जातो. दुसऱ्यावर 'एवढं सगळं?' तिसऱ्यावर देवाचं नाव. ते माणसागणिक बदलतं आणि आमच्या बंगळुरूच्या शिवाजीनगरात तर एका सकाळीत सगळे देव हजेरी लावून जातात. चौथ्या क्रमांकाचं वाक्य एकाच गृहस्थांनी उच्चारलं, पुन्हा कुणी नाही: "बाई, तपासून उरलेलं परत मिळेल का?"

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितल्यावर मी सवयीप्रमाणे आधी विषयांची यादी केली. एकतीस विषय झाले. संपादकबाई म्हणाल्या, "शैला, अंकात इतरांनाही लिहायचंय." मग खोडत खोडत मी एका नळीवर आले. जांभळ्या टोपणाची, दोन मिलिलिटर रक्त मावेल एवढी, माझ्या करंगळीपेक्षा बारीक. ती भरून घ्यायला मला जवळजवळ वर्ष लागलं. मध्ये दोन-तीन माणसं घुसतील, त्यांना घुसू द्या. लॅबमध्येही रांग मोडून येणारे असतातच.

आमची लॅब बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर आहे. सव्वीस वर्षं मी तिथे रक्त काढते. खाली कुणी ट्यूबमध्ये हवा भरली की वर 'फुस्स' असा आवाज येतो, आणि तो नेमका सुई शिरताना आला तर पेशंटला वाटतं आपल्यातलीच हवा गेली. दोन जण त्यामुळे खुर्चीवरून उठून जिन्यापर्यंत गेले आहेत, एक जण दंडाला बांधलेल्या पट्ट्यासकट.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे टोचणं वाटतं. टोचणं सोपं असतं. शीर सापडणं अवघड, आणि त्याहून अवघड म्हणजे कोणत्या नळीत काय घालायचं ते न चुकणं. करड्या टोपणाची नळी साखरेसाठी, पिवळ्या टोपणाची बाकीच्या बहुतेक रसायनांसाठी, जांभळ्या टोपणाची रक्तातल्या पेशी मोजण्यासाठी. हिमोग्लोबिन त्यातच कळतं. प्रत्येक नळीवर पेशंटसमोरच नाव लिहायचं, नंतर आठवून नाही. हा नियम मी घरीही पाळते. आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर 'मीठ' लिहिलेलं आहे आणि त्यावरून माझा नवरा गेली चोवीस वर्षं तोच विनोद करतो आहे.

आता आकड्यांबद्दल. रिपोर्टात तुमच्या आकड्यापुढे 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं छापलेलं असतं. ती हद्द पुष्कळ निरोगी माणसांचे आकडे पाहून आखतात, आणि आखतानाच दोन्ही टोकांची थोडी निरोगी माणसं बाहेर राहतात. म्हणजे एखादीच तपासणी केली तर तुम्ही बहुधा हद्दीत. सत्तर केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा कुंपणावरून उडी मारणारच. आमचा कॉम्प्युटर असा आकडा ठळक अक्षरांत छापतो. झालं! तो ठळक आकडा घेऊन माणूस घरी जातो आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या घराचं जेवण बदलतं.

मारतहळ्ळीचा एक मुलगा, मूळ पुण्याचा, कॉम्प्युटर कंपनीत, एकाच आठवड्यात तीन वेगळ्या लॅबमध्ये थायरॉइड तपासून आला होता. आमची तिसरी. रिपोर्ट पाहून म्हणाला, "मॅडम, तिन्ही डिफरंट आहेत."

"वेळ वेगळी, यंत्र वेगळं, आकडा थोडा हलणारच. डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरकडे नाही गेलो अजून. आधी डेटा जमवतोय. ॲव्हरेज काढून जाणार."

"त्रास काय होतोय पण?"

तो विचारात पडला. बराच वेळ पडला. मग म्हणाला, "तसा काहीच नाही. कंपनीत सगळे करतायत."

याच्या उलट आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे शिंपीकाका. त्यांना डॉक्टरांनी साखर तपासायची चिठ्ठी लिहून दिली होती. ती त्यांनी प्लास्टिकमध्ये बंद करून घेतली होती, कडक, चारी कडा चकचकीत. "खिशात घामानं खराब होत होती बाई." मी दिसले की चिठ्ठी काढून दाखवायचे; मी एखादी अडवणारी पोलीस असल्यासारखी. चिठ्ठी जवळ आहे म्हणजे निम्मी तपासणी झालीच, असा त्यांचा हिशोब. शेवटी मीच दुपारच्या डब्यानंतर सगळं सामान घेऊन त्यांच्या मशिनपाशी गेले. त्यांनी एका हातानं बटण लावत दुसरा हात दिला. त्यांना गोळ्या सुरू झाल्या आणि मला दोन ब्लाउज मनासारखे शिवून मिळाले.

पण सगळ्यांपर्यंत मी अशी चालत गेले नाही. एक बाई दर महिन्याला नवऱ्याबरोबर यायच्या. नवऱ्याची साखर तपासायची असायची. त्यांची छत्री, पिशवी, डबा सगळं सांभाळत बाई खुर्चीत बसायच्या आणि बाटलीतलं पाणी प्यायच्या. बाटली संपली की आमच्या माठातून भरून घ्यायच्या. मी मोजणारी बाई. तासाभरात तीन बाटल्या होतात हे माझ्या लक्षात आलं होतं. इतकी तहान कशानं लागू शकते, हे लॅबमध्ये काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण सुईवाल्यांनी निदान करायचं नसतं, आणि चिठ्ठीवर तर नवऱ्याचं नाव. मी गप्प राहिले. एका महिन्यात ते गृहस्थ एकटे आले, छत्री स्वतःच धरून. बाई गेल्या होत्या. त्यांची साखर कुणी कधी पाहिलीच नव्हती. निदान करायचं नसतं हा नियम बरोबर आहे, पण डॉक्टरांना जाऊन सांगायला कुणी बंदी केली नव्हती. त्या दिवशी मी वहीत एक नवं पान काढलं. वर लिहिलं, 'शेजारच्या खुर्चीतले'.

आता अण्णा आणि अक्का. त्या पानावर अक्कांचं नाव पहिलं.

हे दोघं हेब्बाळला दुसऱ्या मजल्यावर राहतात. आमच्यासारखंच जुनं घराणं, कधीकाळी सैन्याबरोबर इकडे आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. बोलताना मराठीत कन्नड कुठून शिरतं ते त्यांनाही कळत नाही आणि मलाही. अण्णा टेलिफोन खात्यात इंजिनियर होते. "तक्रार आल्यावर लाइन तपासतो तो लाइनमन," ते सांगायचे, "तक्रार येण्याआधी तपासतो तो इंजिनियर." निवृत्त झाल्यावर तपासायला लाइन उरली नाही, म्हणून त्यांनी स्वतःला घेतलं. दर तीन महिन्यांनी पूर्ण शरीराचं पॅकेज, सत्तराहून जास्त तपासण्या. मी सकाळी सातला त्यांच्या घरी जायची, ते बाही दुमडून, हात टेबलावर टेकून, तयार बसलेले असायचे. भरलेल्या नळ्या ते स्वतः मोजायचे.

इतक्या तपासण्यांत दर खेपेला एखादा आकडा ठळक यायचाच. एकदा युरिक ॲसिड काठावर आलं. अण्णांनी घरात तूरडाळ बंद केली. अक्का तीन महिने डाळीशिवाय सार करत होत्या, "नुसतं तिखट गरम पाणी गं, त्यात तोंड बघून घ्यायचं." पुढच्या खेपेला युरिक ॲसिड सुधारलं आणि ड जीवनसत्त्व कमी निघालं. अण्णा रोज गच्चीत बनियनवर उन्हात बसायला लागले. आठ दिवसांनी मला फोन.

"शैला, ऊन पोचलं का ते बघायचंय."

"अण्णा, एवढ्यात कळत नाही. तीन महिने तरी जाऊ द्या."

"तीन महिने? एसटीडी कॉल याच्याआधी लागायचा."

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी तक्रार केल्यावर ते टाकीच्या पलीकडे बसू लागले. तिथे सावली होती. पुढच्या रिपोर्टात ड तेवढंच कमी आलं.

या सगळ्या काळात अक्का काय करायच्या? उपाशीपोटी रक्त दिल्यावर अण्णांना लगेच खायला लागायचं, म्हणून उप्पिट्टाची तयारी करायच्या. आणि मी सुई घालायच्या क्षणी स्वयंपाकघरातून येऊन अण्णांच्या मागे उभ्या राहायच्या, उजव्या हाताची चार बोटं त्यांच्या कोपराला टेकवायच्या. नळ्या भरेपर्यंत तशाच. मग हात काढून आत. मला फार गोड वाटायचं. माझ्या वहीत 'जोडपी' या पानावर मी लिहिलं होतं: 'हेब्बाळ. अजून हात धरतात.'

पण हळूहळू वहीत दुसऱ्या गोष्टी जमायला लागल्या. कॉफीचा पेला देताना अक्कांचा तळवा माझ्या हाताशेजारी आला तर तो कागदासारखा पांढरा दिसायचा. खालून फुलं आणायला गेल्या तर येताना जिन्यात मध्येच बसायच्या. आणि कुरुमकुरुम आवाज. मी अण्णांचं रक्त काढत असताना आत सतत कुणीतरी काहीतरी चावत असायचं.

"अण्णा, हा आवाज कसला?"

"ती तांदूळ खाते."

"कच्चे?"

"सवय. मध्ये बर्फ खायची. फ्रिजमध्ये ट्रे उरला नाही म्हणून तांदळावर आली."

कच्चे तांदूळ, बर्फ, खडू, माती असलं खावंसं वाटणं हे पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. निदान करायचं नसतं, म्हणून मी लॅबमध्ये आमच्या डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं. डॉक्टरबाई कमी बोलतात. सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाल्या, "एक जांभळी आण."

वाटलं, एवढंच ना! ज्या घरातून दर तीन महिन्यांनी मी सहा नळ्या आणते, तिथून एक जास्त.

पुढच्या खेपेला मी सरळ विचारलं. "अक्का, तुमचंही स्वल्प घेऊन जाऊ का?"

"बेडा, बेडा." दोनदा नको म्हणून त्या आत गेल्या.

त्याच्या पुढच्या खेपेला म्हटलं, "अक्का, तुम्ही थकलेल्या दिसता."

"सत्तरीला आले. नाचू काय?"

मग मी त्यांच्या मुलीला फोन केला. ती हुबळीला असते. तिनं आईला फोन केला, आईनं सांगितलं, "माझं सगळं नॉर्मल आहे, शैलाच तर तपासून जाते." मुलीनं उलट माझे आभार मानले.

हे मात्र मला समजेना. मी कधी तपासलं? गौरीच्या सणाला चार दिवस राहिले असताना अण्णांच्या पॅकेजची तारीख आली, तेव्हा ठरवूनच गेले. अण्णांच्या सहा नळ्या झाल्या, अक्कांची कोपराला बोटं लावून झाली, आणि मी पट्टा हातातच ठेवून म्हटलं, "अण्णा, आज अक्कांचं रक्त घेतल्याशिवाय मी उठणार नाही."

"कशाला? तिचे रिपोर्ट उत्तम आहेत."

"कुठले रिपोर्ट?"

अण्णा उठले आणि कपाटातून फाइल घेऊन आले. जाड, दोरीनं बांधलेली. मुखपृष्ठावर खात्यातल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'रक्ततपासणी (सपत्नीक)'.

मी फाइलकडे पाहिलं, मग अण्णांकडे, मग अक्कांकडे.

"सपत्नीक म्हणजे?"

"म्हणजे काय विचारतेस?" अक्काच बोलल्या. "हात लावते की मी. तू बघत नाहीस?"

वाचकांनो, ज्यांच्या घरी पूजा होते त्यांना हे सांगायला नको. यजमान पळीनं पाणी सोडतो तेव्हा शेजारी बसलेली बायको त्याच्या हाताला हात लावते, आणि पूजा दोघांची मिळून होते. सत्यनारायण असो, वास्तुशांत असो, मुलाची मुंज असो, बायकोनं वेगळं काही करावं लागत नाही. अक्कांनी एक्कावन्न वर्षं हेच केलं होतं. तेव्हा अण्णांनी रक्त सोडताना त्यांनी हात लावला, तर त्यात नवल ते काय?

"अक्का," मी म्हटलं, "रक्त कोपरातून नाही येत."

"पुण्य येतं ते कुठून येतं?"

मी मदतीसाठी अण्णांकडे वळले. शेवटी माणूस इंजिनियर. "अण्णा, तुम्ही तरी सांगा."

अण्णांनी घसा साफ केला. "तसं पाहिलं तर... कनेक्शन आहे."

"अण्णा!"

"आणि एकाच घरचं खाणं, एकाच टाकीचं पाणी. एका लाइनवर दोन फोन असले तर लाइन दोनदा कशाला तपासायची?" पण हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी स्वयंपाकघरात गेले. गौरीला आमच्याकडे सुवासिनींना सुपात तांदूळ, डाळ, गूळ, बांगड्या घालून देतात, त्याला बागिना म्हणतात. अक्का जमिनीवर बसून सुपं भरत होत्या. भिंतीशी आठ सुपं ओळीनं. पहिल्या सुपात तांदळाची रास चांगली उंच होती. दुसऱ्यात जरा बसकी. आठव्यात तळ दिसत होता. अक्कांनी माझ्यादेखत सातव्यातली चिमूट तोंडात टाकली.

"तांदूळ पुरत नाहीत गं यंदा. दोनदा आणवले."

"अक्का, तुम्ही बागिना खाताय."

त्यांनी सुपांच्या ओळीकडे पाहिलं. त्यांना ते पहिल्यांदाच दिसत होतं. तोंड हलायचं थांबलं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "गौरीचं की हे."

उठायला गेल्या आणि ओट्याची कड धरून तशाच थांबल्या. मी धरलं. त्यांचं अंग गार होतं. दोन मिनिटं आम्ही दोघी तशाच, मी त्यांच्या दंडाला धरून आणि त्या ओट्याला.

"कधीपासून होतंय असं?"

"वर्ष झालं असेल." मग हळू, बाहेर ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या, "शैला, माझ्यात काही निघालं तर कसं करायचं? त्यांचं उपाशीपोटी असतं, डाळ बंद असते, ऊन असतं. एका घरात एकच पेशंट चालतो गं."

या वाक्यासाठी माझ्या वहीत यादी नाही. मी सव्वीस वर्षं ऐकतेय, पण इतकं स्पष्ट कुणी बोललं नव्हतं. मला त्या छत्रीवाल्या बाई आठवल्या. त्यांनाही हेच म्हणायचं असेल, पण त्यांना कुणी विचारलंच नाही.

आता रडण्यात अर्थ नव्हता, माझी पुढची व्हिजिट पावणेआठची होती. मी म्हटलं, "अक्का, एक सांगा. गौरी बसवता तेव्हा अण्णांच्या हाताला हात लावता का?"

"गौरीला त्यांचं काय काम? गौर बायकांची. ज्या बाईची तिनं करायची."

"अण्णा करून टाकतील तुमच्या वतीनं. तुम्ही मागे उभं राहा."

"खुळी आहेस का? चालतं का असं?"

"नाही ना चालत? मग ही जांभळी नळी गौरीपैकी आहे. ज्या बाईची तिनं द्यायची."

त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. त्या शहाण्या बाई होत्या, मी कुठून कुठे नेतेय हे त्यांना चांगलं कळत होतं. पण नाही म्हणायला आता कारण उरलं नव्हतं, आणि ओटा सोडून उभं राहायला बळ.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "पण आत्ता घे. कॉफी झाली की मन बदलेल. उपाशी राहावं लागतं का?"

"या तपासणीला नाही. आणि तुम्ही साडेसात सुपं खाल्लीत."

मग तयारी झाली. अक्कांनी तोंड धुतलं. पूर्वेकडे तोंड करून खुर्ची ठेवली. नळी हातात घेऊन टोपण सगळीकडून पाहिलं, "रंग छान आहे" म्हणाल्या, आणि मी अडवण्याआधी त्यावर कुंकवाचं बोट लावलं. मी नाव लिहिलं. दंडाला पट्टा बांधला. शीर मिळायला वेळ लागला. पहिल्या हाताला मिळालीच नाही, तेव्हा दुसऱ्या हाताला पट्टा.

"थांब," अक्का म्हणाल्या. "अहो!"

अण्णा दारात उभे होते. वीस-वीस मिनिटं स्वतःच्या नळ्या मोजणारा माणूस, पण आता खिडकीबाहेर बघत होता.

"इकडे या. हात लावा."

"मी?"

"मग कोण? पन्नास वर्षं मी लावतेय."

अण्णा आले. कुठे लावायचा ते त्यांना माहीत नव्हतं. आधी खांद्याला लावला, मग माझ्याच मनगटाला लागला, शेवटी मी त्यांची चार बोटं धरून अक्कांच्या कोपराला टेकवली. त्यांनी डोळे घट्ट मिटले. नळी भरली.

"आयतु?" झालं का, अक्कांनी विचारलं. यादीत पहिल्या क्रमांकाचा प्रश्न, पण सुई काढल्यानंतर. असं क्वचित होतं.

लॅबमध्ये डॉक्टरबाईंनी नळी उजेडात धरली. "हे काय लागलंय टोपणाला? रक्त?"

"कुंकू."

त्यांनी पुढे विचारलं नाही. यंत्रातून आकडा आला तेव्हा त्यांनी नळी हलवून पुन्हा लावली. पुन्हा तोच. पाच पूर्णांक नऊ. बायकांचं हिमोग्लोबिन निदान बारा असावं असं धरतात. आमच्या कॉम्प्युटरनं तो आकडा त्याच ठळक अक्षरांत छापला, ज्या अक्षरांत अण्णांचं युरिक ॲसिड छापलं होतं. कॉम्प्युटरला त्याहून मोठं अक्षर येत नाही. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाठवायची वाट न बघता स्वतः फोन लावला आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच सलग चार वाक्यं बोलल्या.

अक्कांना त्याच दुपारी दाखल केलं. रक्त चढवावं लागलं. तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं तर जठरात जखम, तिथून रोज थोडं थोडं रक्त जात होतं. कारण त्यांच्या उशीखाली निघालं: गुडघेदुखीच्या गोळ्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या, चार वर्षं, सकाळ-संध्याकाळ. अण्णांच्या फाइलीत याचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं. अण्णांचे गुडघे उत्तम होते. "अजून दोन-तीन महिने गेले असते तर," तिथले डॉक्टर म्हणाले आणि वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. अण्णांनी ते पूर्ण करायला सांगितलं नाही. तपासणीतलं काहीतरी त्यांनी पुढे विचारलं नाही, असं मी त्या एकदाच पाहिलं.

गौर त्या वर्षी हुबळीच्या मुलीनं बसवली. अक्कांनी वॉर्डातून हुकूम सोडला आणि आठही सुपं हॉस्पिटलात आली. सात नर्सबाईंना गेली. आठवं माझं. त्यात डाळ होती, गूळ होता, हिरव्या बांगड्या होत्या आणि तांदूळ जेमतेम मूठभर. बाकीचे कुठे गेले ते मला माहीत होतं.

जखम भरली, गोळ्या बंद झाल्या, लोह सुरू झालं. दर काही आठवड्यांनी मी एक जांभळी नळी घेऊन यायची. आकडा चढत गेला: आठ, साडेनऊ, अकरा. प्रत्येक वेळी खुर्ची पूर्वेकडे, आणि प्रत्येक वेळी अण्णा मागे उभे, चार बोटं कोपराला, न सांगता.

मग अण्णांच्या पॅकेजची तारीख आली. मी सकाळी सातला सहा नळ्या घेऊन पोचले. अण्णा टेबलाशी बसले होते. बाही दुमडलेली नव्हती. समोर उप्पिट्टाची बशी, निम्मी संपलेली.

"अण्णा! उपाशीपोटी यायचं... म्हणजे राहायचं होतं ना?"

"कशाला?"

"तुमची तपासणी आहे आज."

"माझी झाली की," अण्णा घास गिळून म्हणाले. "तिच्या प्रत्येक वेळी हात लावलाय मी. मोज हवं तर. चारदा झाली."

मी तोंड उघडलं. रक्त कोपरातून येत नाही, हे वाक्य जिभेवर होतं. मग आठवलं, डॉक्टरबाई केव्हापासून म्हणत होत्या की या माणसाला वर्षातून एकदा साखर आणि चरबी पाहिली तरी पुष्कळ आहे. मी नळ्या पिशवीत परत ठेवल्या.

"बस," अक्का आतून म्हणाल्या. "उप्पिट्टु खा. यात डाळ पण घातलीये, भरपूर."

मी बसले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, कालथ्याचा, नळाचा. मी कान देऊन ऐकलं. कुरुमकुरुम नव्हतं.

अण्णांनी कपाटातून फाइल आणली, अक्कांचा नवा रिपोर्ट लावायला. फाइल नवीन होती, पातळ, दोरीही नवी. वर त्याच सुवाच्य अक्षरात 'सौ. अंबुजा, रक्ततपासणी' असं लिहिलं होतं, आणि खाली कंसात, जरा बारीक अक्षरात: 'सोबत मी'.